हाकेचा सीन

१

"परत नाही म्हटलं न व! किती वेळा सांगू? मी काय टेपरेकॉर्डर आहे का, बटण दाबलं की वाजली?"

सुचित्रानं चहाचं पातेलं ओट्यावर असं आदळलं, की कॅमेऱ्याची तिपाई हादरली. स्पृहा धावली. तिनं तिपाई धरली. मावशीला नाही धरलं.

"मावशी, ऐक तरी. मागच्या टेकमध्ये तू रडली."

"रडली. मग?"

"मग रडायचं नाही आहे. रडलं की ते सिरियलसारखं दिसते. दादा होता तेव्हा तू काय रडत रडत चहाले बोलवत होती का त्याले? साधं म्हणायचं. 'अभी, चहा झाला रे.' तो मागच्या खोलीत आहे, मोबाइलमध्ये तोंड घालून बसला आहे, असं समजून."

"तो मागच्या खोलीत नाही आहे," सुचित्रा म्हणाली. "ह्याच दारातून नेलं त्याले बांधून. तू तेव्हा इथंच उभी होती, रुमाल धरून."

आरजू, साउंड करणारी पोरगी, कानाला हेडफोन लावून फरशीकडे पाहत बसली होती. हळूच म्हणाली, "स्पृहा, थोडं रुक न यार. मावशीले पाणी त पिऊ दे."

पण स्पृहाला थांबायचं नव्हतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेशासाठी स्वतः केलेली एक शॉर्टफिल्म पाठवायची होती, अमरावतीच्या कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही तोच होता, आणि कॅमेरा डिपार्टमेंटचा होता, परत द्यायचा होता. गोष्ट तिनं छान शोधून काढली होती. एक आई. तिचा तरणाताठा पोरगा दारव्हा रोडला, बोरी अरबच्या पुढे, मोटारसायकलसकट ट्रकखाली गेलेला. तरी आई रोज दुपारी त्याला चहाला हाक मारते.

आई खरी होती, पोरगा खरा होता, ट्रकही खरा होता. हाक तेवढी खोटी. अभिषेक गेल्यापासून सुचित्रानं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. तहसील कचेरीतली नोकरी तिनं मुदतीआधी सोडली, यवतमाळात लोहाऱ्याच्या बाजूच्या त्या घरात एकटी राहिली, आणि तोंड मिटून राहिली. हाक स्पृहाच्या डोक्यातून निघाली होती.

"ठीक आहे," स्पृहा लेन्सवर टोपण लावत म्हणाली. "तुले नाही जमत त राहू दे. साधनाकाकूले विचारते. त्या नाटकात कामं करत. तुझ्या खुर्चीत बसतील, तुझं लुगडं नेसतील अन् हाक मारतील दादाले."

सुचित्रानं तिच्याकडे पाहिलं. सख्ख्या बहिणीची पोरगी. हिचे कान तिनंच टोचून आणले होते.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीत जाऊन बसली.

"लाव तुझं मशीन," ती म्हणाली.

२

मे महिना होता. यवतमाळात मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे माणसाला कढईत सोडणं. पण कूलरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो, म्हणून स्पृहानं कूलर बंद केला होता, पंखाही. फ्रिजची पिनसुद्धा काढून ठेवली होती. दूध नासलं तरी बेहत्तर.

घर सरळ रेषेत बांधलेलं. पुढे बैठक, तिथंच जेवणाचं टेबल. त्याच्या पाठीमागे अरुंद बोळ. बोळाच्या तोंडाशी पडदा, बोळाच्या शेवटी मागची खोली. तिथं आता गव्हाची कोठी होती, एक मोडका टेबलफॅन होता, आणि भिंतीवर जिथं अभिषेकचा आरसा होता तिथं एक पांढुरका चौकोन होता.

कॅमेरा असा लावला होता की सुचित्रा उजवीकडे दिसे आणि तिच्या खांद्यामागे तो पडदा.

ह्या पोरींचा एक नियम होता. जी सिनेमा करते तिनंच 'ॲक्शन' म्हणायचं आणि तिनंच 'कट'. मधे कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंक आली तरी गिळायची. सुचित्राला पहिल्या दिवशी ह्याचं हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

"ॲक्शन."

घर गप्प झालं. लांब एमआयडीसीतल्या कारखान्यांची घरघर तेवढी होती, तीही भिंतीच्या आतून आल्यासारखी.

"अभी," सुचित्रा म्हणाली, "चहा झाला रे."

साधं म्हणाली. घराघरांतून म्हणतात तसं. आणि म्हटल्यावर तिची मान कणभर मागे वळली आणि तिथंच थांबली. स्पृहाच्या अंगावर काटा आला. आनंदानं आला. हेच हवं होतं तिला.

"कट! मावशी, काय केलं तू हे! कसं केलं?"

सुचित्रा अजून तशीच बसली होती, मान कणभर मागे.

आरजूनं हात वर केला. "पीछे कौन है, स्पृहा? मागच्या खोलीत?"

"कोणी नाही. कोठी आहे गव्हाची."

"मग कोठी बोलली," आरजू म्हणाली आणि हेडफोन काढून तिच्या हातात दिला.

३

रेकॉर्डिंग त्यांनी गच्चीच्या जिन्यात बसून ऐकलं. मावशीसमोर नको म्हणून.

आधी घरघर. मग हाक. मग थोडी शांतता आणि त्या शांततेच्या तळाशी, फार मागे, रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसं:

"आलो, आई."

बस. इतकंच.

स्पृहा हसली. "स्वानंद आहे हा."

स्वानंद त्यांच्या वर्गातला. सिनेमातला मुलाचा आवाज तोच देणार होता, आणि शेवटच्या शॉटला पडद्याआडून येऊन उभाही तोच राहणार होता. स्पृहानं सीन तसाच बांधला होता: आई हाक मारते, आतून आवाज येतो 'आलो, आई', तो दारात येतो, चेहरा दिसत नाही. चेहरा दिसू द्यायचाच नव्हता, कारण स्वानंदचं नाक भलतं होतं, अभिषेकशी काही मेळ नव्हता.

"लपवलं तू त्याले मागं. मस्करी करून राह्यले दोघं माझी."

"अल्ला की कसम," आरजू म्हणाली. "लपवायले त्या खोलीत जागा त पाहिजे. अन् तो लंबू!"

स्पृहानं फोन लावला. स्वानंद अमरावतीला होस्टेलवर होता, झोपेतून उठला होता, मागे मेसच्या थाळ्या वाजत होत्या. "रविवारी येतो न म्हटलं तुला. काय झालं?"

"काही नाही. झोप."

मग तिनं मनाशी हिशेब केला. शेजारचं पोट्टं असंल, त्याच्या आईनं हाक मारली असंल. खिडक्या बंद होत्या, पण आवाज कुठूनही येतो. शिकवलं होतं त्यांना वर्गात, रिकामी खोली कधीच मुकी नसते म्हणून. ते आठवल्यावर तिला बरं वाटलं. शिकलेल्या माणसाचं असंच असतं, भीतीला नाव सापडलं की तो तिला घाबरेनासा होतो.

"डबिंगचं काम वाचलं," ती म्हणाली. "हाच ठेवू. स्वानंदपेक्षा भारी आहे."

आरजूनं तिच्याकडे पाहिलं. तिचे वडील पुसदला गाड्या दुरुस्त करत. इंजिनातला परका आवाज आला की ते आधी गाडी बंद करत, मग विचार करत. पोरीला तीच सवय होती. पण बोलली नाही. मैत्रीण होती, प्रकल्पात तिचंही नाव होतं.

४

दुसऱ्या दिवशी दोघी बैठकीत आल्या तेव्हा कूलर आधीच बंद होता. फ्रिजची पिन काढलेली होती. सुचित्रा खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, अंगावर मोरपंखी साडी, घडीच्या खुणा अजून न मोडलेली. टेबलावर दोन कप, आणि तिच्या पाठीशी आणखी एक रिकामी खुर्ची.

"आज किती वेळा घ्यायचं?" तिनं विचारलं.

"मावशी, साडी बदल. काल तू वेगळी नेसली होती, शॉट जुळणार नाही."

"नाही बदलत. तुझं जुळो का न जुळो."

स्पृहाला राग आला, पण मावशीच्या तोंडावर असा काही उजेड होता की तिनं वाद घातला नाही. चेहरा कॅमेऱ्यात फार सुंदर दिसत होता. सिनेमावाल्याला तेवढं पुरतं.

"ॲक्शन."

"अभी, चहा झाला रे."

उत्तर पोरींना नुसत्या कानानं ऐकू आलं नाही. फक्त हेडफोनमध्ये. आरजूचे खांदे वर गेले. तिनं मशीनवरच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा उडी मारून खाली बसत होता.

"कट. काय झालं?"

"परत घे," सुचित्रा म्हणाली. आरजूच्या आधी, घाईनं. "परत घे व. मी नीट नाही बोलली."

घेतला. मग आणखी एक. मावशीच मागून मागून घेत होती. दर वेळी ती मान तशीच कणभर मागे वळे, दर वेळी आरजूचे खांदे वर जात, आणि एकदा स्पृहा घामानं चिडून जरा लवकरच 'कट' म्हणाली.

आरजूनं हेडफोन काढला. मशीनपासून दूर सरकली.

"इकडे ये. ऐक हे. मी रेकॉर्डर बंद नव्हता केला. तुझ्या 'कट'च्या नंतर सगळं आहे. तुझी चप्पल आहे, रस्त्यावरची गाडी आहे, मावशीची बांगडी आहे. वो नहीं है. 'आलो, आ'... अन् तू 'कट' बोलली. खतम. जैसे किसी ने मुंह पे हात रख दिया."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं ऐकते तो. अन् काल कोठीजवळ होता. आज बोळात आहे. माइक खोटं नाही बोलत, स्पृहा, जवळचा आवाज जवळचाच असते." ती वायरी गुंडाळायला लागली. घाईत गाठी पडत होत्या. "मी चालली पुसदले. मशीन ठेवून जाते, डिपार्टमेंटचं आहे. माझं नाव काढून टाक तुझ्या सिनेमातून."

"घाबरट कुठली! एवढ्यानं पळून राह्यली?"

"हौ. पळून राह्यली. तू बी पळ."

ती गेली. फाटकाची कडी वाजली. सुचित्रा खुर्चीतून उठली नव्हती. तिच्यासमोरच्या दोन कपांपैकी एक तिनं बोळाच्या बाजूला सरकवला होता.

५

संध्याकाळी सुचित्रानं मुगाची खिचडी टाकली आणि टाकता टाकता काही तरी गुणगुणली. दोन वर्षांत त्या स्वयंपाकघरात गुणगुण झाली नव्हती. स्पृहा पाटावर बसून फोनमधले अभिषेकचे जुने आवाज ऐकत होती. ताडून पाहायचं होतं, दुसरं काही नाही. आवाज सारखा वाटला तर वाटला, बापलेकाचे, भावाभावाचे आवाज सारखे असतातच.

'स्पृहा, मम्मीले सांग मी जेवून येईन.'

'मम्मी फोन नाही उचलून राह्यली, पाह्य बरं.'

'अवं मम्मी काहून रागावली माझ्यावर?'

तिचा अंगठा थांबला.

मम्मी. शाळेपासून मम्मी. सगळी मावस-मामेभावंडं त्याला त्यावरून चिडवत. तो कधी आई म्हणालाच नव्हता. लिहिताना स्पृहाला 'मम्मी' हलकं वाटलं होतं, पुण्यातल्या लोकांसमोर बरं दिसणार नाही असं वाटलं होतं. तिनं ते खोडून 'आई' केलं होतं. ते तिनं केलं होतं. अभिषेकनं नाही.

म्हणजे मागच्या खोलीतून जे बोलत होतं, ते तिनं लिहिलेलं बोलत होतं. तेवढंच, एकही शब्द जास्त नाही. 'ॲक्शन' म्हटल्यावर बोलत होतं, 'कट' म्हटल्यावर गप्प होत होतं. आणि आवाजानंतर तिनं काय लिहिलं होतं ते तिला पाठ होतं.

तो दारात येतो. चेहरा दिसत नाही.

"काय झालं व?" सुचित्रा म्हणाली. "पांढरी पडली."

"काही नाही. मावशी, मी उद्या सकाळी निघते. झालं शूटिंग."

पळीचा आवाज थांबला.

"झालं कसं? तो दारात यायचा राह्यला न अजून."

"तुले कोणी सांगितलं?"

"तूच त वाचून दाखवलं होतं." सुचित्रानं गॅस बारीक केला. "स्वानंद का कोण तो, त्याले नको बोलावू. गरज नाही."

६

सकाळी स्पृहाची बॅग भरलेली होती. कॅमेरा मात्र तिपाईवरच होता. रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती भीतीची नव्हती. शेवटच्या शॉटशिवाय सिनेमा म्हणजे शेपूट तुटलेली पाल. ते पुण्यात कोणी पाहणार नाही. वर्ष जाईल. आणि इतकं केल्यावर, मावशीला इतकं पिळून काढल्यावर, हात हलवत जायचं?

रिकाम्या दाराचा शॉट घेऊ, तिनं ठरवलं. नुसता पडदा. हाक, शांतता, पडदा. कॅमेरा म्हणजे शेवटी डबाच. समोर जे आहे तेच त्यात येईल, जे नाही ते कुठून येईल?

"एकच टेक," ती म्हणाली. "मग मी गेली."

"एकच पुरे," सुचित्रा म्हणाली.

हेडफोन स्पृहानं स्वतः लावला. हवा हलत नव्हती. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा बरोबर पडद्यावर पडला होता.

"ॲक्शन."

"अभी, चहा झाला रे."

कानात घरघर. मग, फरशीवर अनवाणी पावलं. घाई नसलेली. बोळ लहान होता, पण ती पावलं बराच वेळ येत राहिली.

स्पृहानं आधी दाराकडे पाहिलं, नुसत्या डोळ्यांनी. पडदा स्थिर होता. मग तिनं कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे पाहिलं.

स्क्रीनवर पडदा बाजूला सरलेला होता.

दारात शर्ट होता. शर्टाचं वरचं बटण लागलेलं होतं. चौकटीवर एक हात होता, नखांसकट. ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं, कॉलरची शिवण मोजता आली असती इतकं लख्ख. ह्या कॅमेऱ्याची एक खोड होती, चेहरा दिसला की तो त्याच्याभोवती पांढरा चौकोन काढे. चौकोन सुचित्राच्या चेहऱ्यावर होता. तो तिथून उठला. दाराकडे गेला. कॉलरच्या वर जाऊन मोठा झाला, लहान झाला, इकडे सरकला, तिकडे सरकला, आंधळ्याच्या हातासारखा चाचपत राहिला. मग परत येऊन सुचित्राच्या चेहऱ्यावर बसला.

दारात काळोख नव्हता, सावली नव्हती. पण कॉलरच्या वर जे काही होतं ते पाहताना स्पृहाची नजर घसरत होती, जसा पाय शेवाळावरून घसरतो तसा.

"मावशी," ती कुजबुजली. "मी कट म्हणून राह्यली."

"खबरदार."

"मावशी, मागं वळू नको. तो अभीदादा नाही आहे."

सुचित्रा वळली नाही. ती समोर कॅमेऱ्यात पाहत होती, ताठ बसून. साडीची घडी अजून मोडली नव्हती.

"तोंड बंद ठेव. तूच म्हणते न, मधे बोलायचं नाही."

"अवं तो मम्मी म्हणे तुले! जन्मभर मम्मी म्हणे! हे 'आई' मी लिहिलं, मी! त्याले तेवढंच येते. त्याले चेहरा नाही, मावशी, मी लिहिलाच नाही त्याले चेहरा!"

कानात, अगदी कानाला लागून, कोणी तरी श्वास घेतला आणि शहाण्या मुलासारखं म्हणालं, "आलो, आई."

सुचित्राच्या पाठीमागची रिकामी खुर्ची फरशीवर कुरकुरली. हेडफोनमध्ये नाही. खोलीत.

"मी कट म्हणते," स्पृहा रडत म्हणाली. "मी संपवते हे. तुले समजून नाही राह्यलं, कोण आहे तो आपल्याले माहीत नाही, तो काय करंल आपल्याले माहीत नाही, मी शेवट लिहिलाच नाही पुढचा. मावशी, मी पाया पडते तुझ्या."

"कोणाले शिकवते व?" सुचित्रा म्हणाली. आवाज चढवला नाही. किटली उचलली आणि दुसऱ्या कपात चहा ओतला, काठोकाठ, एक थेंब न सांडता. "ज्याले पोटात वाढवलं त्याचं पाऊल मले ओळखू येत नाही, असं वाटते तुले? परवाच समजलं मले. पहिल्या टेकलेच."

"मग कायले? मावशी, मग कायले बोलावलं त्याले?"

सुचित्रानं कप हळूच मागे सरकवला, न वळता. तो ज्या हातानं घेतला तो हात स्पृहाला स्क्रीनवर दिसला. 'कट' तिच्या जिभेवर आलेला होता, फक्त ओठ उघडायचे होते, आणि तेवढ्यात सुचित्रा म्हणाली:

"दोन वर्षं मी मनातल्या मनात अभीले हाका मारल्या, तो नाही आला; हा आला."